रेडी, पण कोणासाठी

संस्थेच्या ताई फोनवर "कशा आहात" वगैरे विचारण्यात वेळ घालवत नसत. "काय मग, रेडी?" एवढाच त्यांचा नमस्कार. आणि मास्तरीण फोन या कानाचा त्या कानाला घेत म्हणायची, "नाही हो ताई, अजून नाही."

पुढे कारण. कारणांना काय तोटा! कधी दाढ येत होती, कधी नाक वाहत होतं, कधी दुपारची झोप संध्याकाळवर गेली होती. दीड वर्षाच्या लेकराच्या अंगाला कारणं चिकटलेलीच असतात, हात फिरवला की एखादं तरी सापडतं. ताई ऐकून घेत आणि "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून फोन ठेवत.

आता हे "तुम्ही म्हणाल तसं" तोंडदेखलं नव्हतं. संस्थेची रीतच तशी होती. ज्या बाळांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना संस्था कुणाच्या तरी घरी सांभाळायला देई आणि कायमचं घर मिळालं की तिकडे पाठवी. पण बाळ कधी पाठवायचं, हे साहेब ठरवत नसत की डॉक्टर ठरवत नसत. ज्या बाईच्या मांडीवर ते वाढलं, तिनं "रेडी" म्हणायचं. आपल्या तोंडानं, आपणहून. तोवर बाळाला कुणी जागचं हलवायचं नाही. ते जेवतं कसं, झोपतं कसं, परक्या माणसाकडे बघून ओठ काढतं की हसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"काय गं हे सारखं रेडी-रेडी?" सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आमच्याकडे रेडी म्हणजे म्हशीची पोर."

"आई, तुम्ही पण ना!"

"मी पण काय? म्हशीची पोर आईपासून तोडायची तरी मालक चार दिवस विचार करतो. तुला जमत नसेल तर जमत नाही म्हण. रोज त्या पोरीच्या दातांना कशाला नावं ठेवतेस?"

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. आणि चष्मा कपाटावर असला, तरी जे दिसायचं ते त्यांना बरोबर दिसायचं.

मास्तरीण हे तिचं गल्लीतलं नाव. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायची. कॉलेजात भाषाच घेतली होती. लग्न झालं, थोरली झाली, आणि शिकलेलं वाया जायला नको म्हणून हा वर्ग काढला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाळ सांभाळायला घ्यायचं का, असं तिनं भीत भीत विचारलं तेव्हा तो हातावरचं ग्रीस पुसत म्हणाला होता, "माझं कामच माणसं वरखाली पोचवायचं. मधल्या मजल्यावर आपल्याकडे कुणी थोडं थांबलं, तर आपलं काय जातंय?"

संस्थेनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की सांभाळणाऱ्या घरानं मूल ठेवून घ्यायचं नाही. मागायचंही नाही. नाहीतर घराघरात तेच होईल आणि सांभाळायला घरंच उरणार नाहीत. मास्तरणीनं मान डोलावली होती. तेव्हा ती मान हलकी होती, डोलवायला काय लागतं!

मग पिटुकली आली. मुठीएवढं तोंड, आणि रडायची ती बिनआवाजाची. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. रडून कुणी येत नाही हे एवढ्याशा जिवाला कळून चुकलं होतं. मास्तरीण मुळातच घाबरट आई. थोरलीच्या वेळी ती झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायची, द्राक्षाचे चार तुकडे करून भरवायची आणि पाचवा होतो का बघायची. पिटुकलीच्या वेळी तिनं बोटच नाही, कानही दिला. ज्या दिवशी पिटुकली पहिल्यांदा घसा फोडून रडली, त्या दिवशी हिनं नवऱ्याला कामावर फोन केला. "ऐका, ऐका, आवाज येतोय!" तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. पलीकडून म्हणाला, "अख्ख्या इमारतीला येतोय."

"आई" म्हणायचं मात्र शिकवायचं नव्हतं. मावशी म्हणायचं. पिटुकलीच्या तोंडून त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं बाहेर पडायचं. "शी!" ती हात पसरून हाक मारायची.

"घ्या," सासूबाई म्हणायच्या, "हिनं रात्रीचा दिवस केला आणि पदरात काय पडलं? शी!"

कायमचं घर ठरलं, ते एका रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईचं. सासूबाईंनी तिचं नाव बागवाली ठेवलं. वयानं मास्तरणीपेक्षा मोठी, कमी बोलणारी, पोटचं मूल होता होता राहिलेली. नवरा कचेरीतला, साधा. दोष काढायला जागा नाही अशी माणसं, आणि हीच तर अडचण होती. मास्तरणीनं पहिल्या भेटीतच दोघांना नीट न्याहाळून घेतलं होतं. चहा कसा पितात, बोलताना एकमेकांचं वाक्य तोडतात का, थोरलीशी बोलायला खाली वाकतात का. वाकले.

बाळाला नव्या घराची ओळख करून द्यायची, याचीही संस्थेची रीत होती. नव्या आईबाबांचे फोटो बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचे. आणि नव्या आईनं आठवडाभर गळ्यात वापरलेला स्कार्फ, अजिबात न धुता, बाळाच्या उशाखाली ठेवायचा. डोळ्यांच्या आधी नाक ओळखतं, ताई सांगत. वास ओळखीचा झाला की माणूस परका राहत नाही. वास उडाला की स्कार्फ परत पाठवायचा, नवा आणायचा.

बागवालीचा स्कार्फ पिशवीत बांधून आला. हिरवा, कडेला मळलेला. मास्तरणीनं तो उशाखाली ठेवला आणि वर्गाला गेली. परत आली तर बाल्कनीतल्या दोरीवर स्कार्फ टपटप गळत होता.

"किती मळका गं!" सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "मातीचा वास, खताचा वास. पोरीच्या नाकाशी असलं कुणी ठेवतं? दोन पाण्यांतून काढला तेव्हा कुठे माणसात आला."

त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांची चूक नव्हती. मास्तरणीनं सांगायला तोंड उघडलं. फोन समोरच होता. ताईंना कळवलं असतं तर दुसरा स्कार्फ दोन दिवसांत आला असता. ती दोरीवरच्या त्या हिरव्या फडक्याकडे बघत राहिली.

"बरं केलंत," ती म्हणाली.

वाळल्यावर तिनं त्याची नीट घडी घातली आणि उशाखाली ठेवून दिली. आता त्याला त्यांच्याच घरच्या साबणाचा वास येत होता, तिच्याच कपड्यांना यायचा तोच. ताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो, उशाखालीच आहे." यात खोटं काय होतं? एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि म्हणूनच ते तिला रात्रंदिवस टोचत राहिलं.

त्याच सुमाराला वर्गात तो शब्द आला. तिनं मुद्दाम काढला नव्हता, धड्यातच होता. सोपा शब्द, सगळ्यांना येणारा. फळ्यावर लिहून तिनं एकेकाला वाक्य करायला सांगितलं.

टॅक्सीवाला उठला. "आय अ‍ॅम रेडी."

"कशासाठी?"

"गिऱ्हाईक म्हणेल तिथे, मॅडम!"

शिंपी म्हणाला, "युवर शर्ट इज रेडी. पण खरं सांगू का, हा शब्द मला रोज खोटाच वापरावा लागतो. कापड अजून गुंडाळीतच असतं आणि मी म्हणतो, ऑलमोस्ट रेडी."

वर्ग हसला. मास्तरीणही हसली, आणि खडू हातात घेऊन समजावू लागली. नुसतं रेडी म्हटलं तर वाक्य लंगडं राहतं, ती म्हणाली. रेडी कशासाठी, रेडी कोणासाठी, हे पुढे यावं लागतं. बोलून दाखवलं नाही तरी ते असतंच. शर्ट काही स्वतःसाठी रेडी होत नाही. कुणीतरी तो न्यायला येणार असतं, म्हणून तो रेडी.

"म्हणजे आपलं तयारच की," व्हिसावाल्या आजी म्हणाल्या. मुलानं परदेशात बोलावलं होतं म्हणून त्या इंग्रजी शिकत होत्या.

"बरंचसं तेच. पण आपण तयार दोन अर्थांनी म्हणतो. जेवण तयार आहे, आणि मी यायला तयार आहे. दुसऱ्यात मनाची कबुली आहे. रेडीत कधी ती असते, कधी नसते. इंग्रजीत कबुलीसाठी निराळा शब्द आहे, विलिंग. एखादं माणूस रेडी असेल, विलिंग नसेल."

"असं होय!" आजी बोटांवर मोजू लागल्या. "मग माझी बॅग रेडी, तिकीट रेडी, मी पण रेडी. पण ते दुसरं मला काही लागू नाही हं. सुनेला सांगू नका म्हणजे झालं!"

पुन्हा हशा झाला. मास्तरणीनं पाठ वळवून फळा पुसायला घेतला. शब्द एका फटक्यात पुसला गेला तरी ती पुसतच राहिली. शेवटी टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, फळ्याचा रंग जाईल."

रविवारी बागवाली आली. ताई बरोबर होत्या. ही तिची तिसरी की चौथी भेट असेल, आणि पिटुकली पहिल्या भेटीपेक्षाही जोरात रडली. बागवाली सरळ जमिनीवर बसली. तिनं बरोबर लाकडाचं बदक आणलं होतं, चाकांचं. बदक पुढे ढकललं, मागे ओढलं. तोंडानं क्वॅक क्वॅकही करून बघितलं, आणि कसलीही सवय नसलेल्या माणसाचा तो आवाज ऐकून थोरलीला खुदकन हसू आलं. पिटुकलीनं मास्तरणीच्या मानेत तोंड खुपसलं आणि अशी मिठी मारली की तिचे केस ओढले गेले. केस दुखत होते. मास्तरणीला ते दुखणं गोड लागत होतं.

बागवालीनं हात पुढे केले. नखांत माती होती. घासून घासून धुतल्यावरही जी राहते तेवढी. पिटुकलीनं त्या हातांकडे बघून किंकाळी फोडली. बागवालीनं हात मागे घेतले आणि मांडीखाली दडवले.

"चहा टाकते," असं म्हणून मास्तरणीनं पोरीला सासूबाईंकडे दिलं. चहा झाला, कप भरले, आणि ट्रे घेऊन ती दाराशी आली तेव्हा बाहेरच्या खोलीतलं बोलणं तिच्या कानांवर पडलं. पिटुकलीला घेऊन सासूबाई आतल्या खोलीत गेल्या होत्या, थोरलीही त्यांच्यामागे. बाहेर दोघीच होत्या.

"ताई, राहू द्या. तिला मी नकोय."

"अहो, वेळ लागतो."

"किती? फोटो लावलेत. स्कार्फ उशाखाली आहे. यांनी सगळं केलं, किती चांगल्या आहेत बिचाऱ्या. मग राहिलं काय? मीच ना?" बागवालीचा आवाज चढला नव्हता. रोप जगलं नाही हे सांगावं तसं ती सांगत होती. "एक राहिलं नाही, ते देवानं नेलं म्हणून सोडून दिलं. हिला तर माझा वास रोज आहे, तरी ही मला बघून किंचाळते. लेकरांना कळतं, ताई. माझ्यात ते नाहीच. माझं नाव काढून टाका. तिला दुसरं घर बघा."

मास्तरणीला आधी झाला तो आनंद. दुसरं घर! म्हणजे पुन्हा शोध, पुन्हा भेटी. सगळं पहिल्यापासून. तोवर पिटुकली इथेच. दात येतील, बोलायला लागेल, थोरलीचा जुना फ्रॉक होईल तिला. आणि ही काही मास्तरणीनं मागितलेली गोष्ट नव्हती. समोरची बाई आपण होऊन देत होती. फक्त गप्प राहायचं. गप्प राहण्याची तर आता सवय झालेली.

ती दारात उभी होती आणि चहावर साय धरत होती.

पण "किती चांगल्या आहेत बिचाऱ्या" हे माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. गिळता येईना, काढता येईना. आणि खोलीत ती बाई अजून हात मांडीखालीच दाबून बसली होती. तिथे आता घाबरायला पोर नव्हती, तरी तिनं हात बाहेर काढले नव्हते.

मास्तरणीनं ट्रे टेबलावर ठेवला.

"तो स्कार्फ धुतलाय," ती म्हणाली.

दोघींनी वर बघितलं. काय बोलतेय हे कुणाला कळलंच नाही.

"तुमचा स्कार्फ. आला त्याच दिवशी धुतला गेला. तुमचा वास तिच्या नाकाला कधी लागलाच नाही. ती तुम्हाला ओळखणार कशी?"

"मी धुतला गं बाई!" आतून सासूबाई पिटुकलीला कडेवर घेऊन आल्या. त्यांचे कान भिंतीला होतेच. "मला काय माहीत, मळका दिसला, टाकला पाण्यात. मारायचं तर मला मारा."

"आईंनी नकळत धुतला," मास्तरीण म्हणाली. "मला कळत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दात, सर्दी, झोप, सगळं खरं होतं, पण मी ते... ते पुढे करत होते." पुढचं वाक्य तिला शोधावं लागलं. शब्द शिकवून पोट भरणारी बाई, आणि तिला शब्द सापडेना. "मला ती द्यायची नव्हती."

मग बागवाली उठली. आता ही हात उगारणार असं मास्तरणीला वाटलं, आणि उगारला तर बरंच होईल असंही वाटलं.

"मी घरी जाऊन आरशात बघायचे," बागवाली म्हणाली. "माझ्या तोंडात असं काय आहे, की लेकरू भितं." तिनं स्वतःच्या गालावर हात ठेवला. "रोज बघायचे हो. रोज."

मास्तरणीनं मान खाली घातली. यावर माफी मागायची ती कुठल्या तोंडानं मागायची?

बागवालीनं गळ्यातला स्कार्फ सोडला. त्या दिवशीचा पिवळा होता, आणि तोही मळकाच. तिनं तो मास्तरणीच्या हातात दिला नाही. सासूबाईंच्या हातात दिला. "आजी, हा धुऊ नका."

"हात तुटतील माझे," सासूबाई म्हणाल्या.

ताई निघताना जिन्यात थांबल्या. मास्तरणीला वाटलं होतं, आता पिटुकली आजच जाणार, उद्या जाणार, आणि आपल्या घराचं दार संस्था कायमचं बंद करणार. ताईंनी चष्मा पुसला. "रागवायचं ते मी घरी जाऊन रागावेन," त्या म्हणाल्या. "आता काम करा. तुम्हीच करा. तिला एका हातातून दुसऱ्या हातात जायचंय, पहिला हात सुटला तर ती पडेल."

मग मास्तरणीनं ते काम केलं, मन लावून. इतकं मन लावून की नवरा एकदा म्हणाला, "जरा दमानं. लिफ्टसुद्धा मजल्याजवळ आली की हळू होते."

रात्री पिवळा स्कार्फ पिटुकलीच्या गालाखाली असायचा. वास उडाला की सासूबाई स्वतः पिशवीत घालून परत पाठवायच्या आणि दुसरा आला की नाकाशी धरून तपासायच्या. "येतोय, खताचा येतोय," असं म्हणून पसंती द्यायच्या. मास्तरीण पिटुकलीला फोटोसमोर घेऊन बसे. "ही कोण? आई. आई कुठे आहे? झाडांना पाणी घालतेय." जो शब्द तिनं स्वतःसाठी कधी घेतला नव्हता, तो ती दिवसातून पन्नास वेळा दुसरीच्या नावानं घोटवून घ्यायची. पिटुकली काचेवर बोट आपटायची. एके दिवशी बोट आपटून म्हणाली, "आई." स्वच्छ. मावशीमधलं एक अक्षर जिला जमत होतं, तिला ही दोन्ही जमली.

"शाब्बास!" मास्तरीण म्हणाली, टाळ्या वाजवल्या, आणि गॅसवर काहीतरी आहे असं सांगून आत गेली. गॅसवर काही नव्हतं.

बागवाली आता नेमानं येऊ लागली. आधी नुसतं बसायची. मग भरवू लागली, मग अंघोळ. मास्तरणीनं दर वेळी थोडं थोडं मागं सरायचं. आधी शेजारी, मग दारात, मग पलीकडच्या खोलीत. पलीकडच्या खोलीत ती कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसायची आणि कान इकडे लावायची. पाणी फार गरम नाही ना? डोळ्यांत साबण? एकदा पिटुकली रडली तेव्हा ती उठलीच. सासूबाईंनी मनगट धरलं. "बस. तिला येऊ दे हाताळता." रडणं थांबलं. कुणीतरी थांबवलं होतं, आणि ती मास्तरीण नव्हती.

बागवाली तिच्याशी मोजकंच बोलायची. पाणी द्या, टॉवेल कुठे आहे. एकदा मात्र निघता निघता तिनं विचारलं, "ती झोपताना कानाची पाळी धरते, ती कुणाची? तिची स्वतःची की तुमची?"

"माझी," मास्तरीण म्हणाली. "पण तुमचीही धरेल. डावी पुढे करा."

थोरलीनं एक दिवस शाळेचा डबा उघडता उघडता विचारलं, "आई, आपण तिला कंटाळलो का?"

"नाही गं."

"मग ती वाईट वागली?"

"वेडी कुठली. तिचं घर तिकडे आहे."

"आणि मी रेडी झाले की मला पण पाठवणार?"

मास्तरणीनं तिला जवळ ओढलं, इतकं घट्ट की डब्यातलं सांडलं. उत्तर सोपं होतं, तिनं ते दिलंही, पण पोरीचा प्रश्न तिच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

मग ती दुपार आली. बागवालीच्या खांद्यावर पिटुकली झोपली होती. पावसाळी ढगासारखी जड, तोंड उघडं, लाळ गळतेय, आणि हात बागवालीच्या डाव्या कानाच्या पाळीवर. मास्तरीण दारातून बघत होती. तिनं शोध शोध शोधलं. ताप? नाही. नाक? कोरडं. दाढ येऊन बसलेली. श्वास एकसारखा. या लेकराच्या अंगावर आता एकही कारण शिल्लक नव्हतं.

त्या आठवड्यात ताईंच्या फोनची वाट तिनं बघितली नाही. स्वतःच लावला.

"ताई, रेडी."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

"मला कुठे कोण न्यायला येतंय?" मास्तरीण म्हणाली. गंमत म्हणून म्हणाली. ताई हसल्या नाहीत.

न्यायच्या दिवशीचीही रीत होती. सांभाळणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातांनी बाळ नव्या आईच्या हातांत द्यायचं, आणि हसतमुखानं. तिच्या तोंडावर भीती दिसली तर बाळाला ते घर भीतीचं वाटेल. मास्तरणीनं सकाळी अंघोळीच्या खोलीत नळ सोडून जे रडायचं ते रडून घेतलं. पिटुकलीची चादर, वापरलेली, तशीच बॅगेत भरली. थोरलीनं बदकाला दोरी बांधून दिली. नवरा कामावर गेला नाही. सकाळपासून तो दाराची बिजागरी दुरुस्त करत होता. बिजागरीला काही झालेलं नव्हतं.

मास्तरणीनं तयारी केली होती ती पिटुकलीच्या रडण्याची. ती किंचाळेल, केस धरेल, "शी, शी" करेल, आणि आपण हसत राहायचं, बोटं एकेक करून सोडवायची. हे तिनं मनात इतक्या वेळा करून बघितलं होतं, की तिला ते पाठ झालं होतं.

गाडीपाशी बागवालीनं हात पुढे केले. नखांत माती होती. पिटुकलीनं त्या हातांकडे बघितलं, मास्तरणीच्या खांद्यावरून पुढे झुकली, आणि गेली. ओढावं लागलं नाही की सोडवावं लागलं नाही. आपली आपण गेली. तिकडे जाऊन बसली, स्कार्फचं टोक तोंडात घातलं, आणि रस्त्यापलीकडे कुत्रं दिसलं म्हणून बोट दाखवून "भू" म्हणाली.

"भू भू!" मास्तरीण म्हणाली. हसतमुखानं.

बागवालीनं तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला ओठ उघडले, मग नुसता एक हात तिच्या दंडावर ठेवला, क्षणभर दाबला आणि गाडीत बसली. दार लागलं. काचेतून पिटुकलीचा गाल दिसत होता, कुत्र्याकडे वळलेला. गाडी वळणावर गेली तरी तो इकडे वळला नाही.

"रडलीसुद्धा नाही," थोरली म्हणाली, आणि स्वतः हमसून हमसून रडायला लागली. नवऱ्यानं तिला उचललं.

"बरं झालं," मास्तरीण म्हणाली. "फार बरं झालं. असंच व्हायला पाहिजे होतं." तिचं तोंड अजून हसत होतं. हसू कसं उतरवायचं हे तिला कळेना.

"चल वर," सासूबाई म्हणाल्या. "आता कुणी बघत नाहीये."

वर आल्यावर तिनं दूध तापवलं. कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून ती एका हातानं ढवळत होती. दुसरा हात कमरेशी वाकवलेला, पंजा उघडा, आणि कंबर एका बाजूला काढलेली.

"आई," थोरलीनं डोळे पुसत विचारलं, "तू अशी वाकडी का उभी आहेस?"

मास्तरणीनं खाली बघितलं. कडेवर कुणी नव्हतं. तिनं हात खाली सोडला, कंबर आत घेतली, दोन्ही पाय नीट टेकवले. दूध वर आलं. सांडशी घ्यायला ती वळली, आणि वळताना हात पुन्हा वाकला, कंबर पुन्हा बाहेर गेली. सासूबाईंनी ते बघितलं. पुढे होऊन त्यांनी गॅस बंद केला.